पाचावर अडणारा आवाज

मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं, की मी खडू खाली ठेवायचो. त्या पोराचा हात धरून दारामागे न्यायचो, कपाट उघडून दाखवायचो. "बघ बाबा, काय आहे? काहीच नाही ना?"

त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

पण यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. तारखा माझ्या वहीत आहेत. गाडी माझ्या दारात उभी आहे. आणि ज्याने माझ्यासोबत ते ऐकलं, तो बादल मिस्त्री ढाणकीत आजही दुकान उघडतो.

माझं नाव पूनमसिंग राठोड. फुलसावंगीपासून आत, कच्च्या रस्त्याला आमचा तांडा आहे. हे घडलं २०२४ च्या जून-जुलैत. बहुतेक लोक अशा गोष्टी रात्रीच्या सांगतात. माझ्यासोबत जे झालं, ते सगळं लख्ख उजेडात झालं.

रात्रीचं असतं, तर भास म्हणून सोडून दिलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली होती. तांड्यावरची पोरं चौथीनंतर घरी बसायची. ढाणकीच्या शाळेत वेळेवर पोचवेल अशी बस नव्हती. मी आठ पोरं मागे बसवायचो. जाताना पाढे, येताना गोष्ट. त्या आठांत माझी नात उर्वशी, मला दादा म्हणते. दहा वर्षांची. माझा मुलगा सुनील आणि सून संगीता पुण्याला कंपनीत आहेत. पोरगी आमच्या भरवशावर इथे ठेवली आहे.

त्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर टाकायला लागली. इंजिन बांधावं लागणार होतं. म्हणजे सगळं खोलायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायचं.

बांधणार कोण? उकंडा.

उकंडा माझा विद्यार्थी. त्याच्या आधीची तीन लेकरं गेली होती. म्हणून त्याच्या आईने, धनीबाईने, जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. मरणाचं याच्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून. नावही तेच पडलं.

पोरगं हुशार होतं, पण मोजणीत अडायचं.

"एक, दोन, तीन, चार, पाच..."

आणि गप्प.

बाकीची पोरं हसायची. हा खाली मान घालायचा. मी त्याच्या हातात एक चमचा दिला. म्हटलं, "समोरच्या प्रत्येक वस्तूवर चमचा मार आणि एक आकडा बोल. जिच्यावर चमचा वाजला ती मोजली. जिच्यावर नाही वाजला ती राहिली. घाई करू नको." एक अख्खा हिवाळा आम्ही दोघं चिंचोक्यांवर चमचा वाजवत बसलो. शेवटी तो शंभरापर्यंत गेला. पण पाचानंतर क्षणभर थांबायची सवय काही सुटली नाही.

पुढे तो मिस्त्री झाला. बादलच्या भागीत ढाणकीत दुकान टाकलं. बोल्ट घट्ट केला की त्याच्या डोक्यावर पान्याने एकदा वाजवायचा.

टिक.

म्हणजे हा झाला. घट्ट केल्याशिवाय कधी वाजवायचा नाही.

त्यांच्या दुकानात एक रीत होती. ज्याने इंजिन खोललं त्यानेच बांधायचं. मधेच दुसऱ्याचा हात लागला, तर झालेलं सगळं सोडून पहिल्या बोल्टापासून पुन्हा सुरू करायचं. उकंडा म्हणायचा, "गुरुजी, दुसऱ्यानं काय सोडलं हे आपल्याले काय मालूम?"

मंगळवार, १८ जून. सकाळी अकरा-सव्वाअकराची वेळ. मी त्याला फोन लावला.

पत्र्याच्या शेडमध्ये फोन वाजायचा, पण बोलणं ऐकू यायचं नाही. फोन आला की त्याला उठून बाहेर उन्हात यावं लागायचं. मला ते माहीत होतं. तरी लावला.

"झालं का रे गाडीचं?"

"बांधून राह्यलो गुरुजी. एकच राह्यला."

"शाळा एक तारखेले उघडते. पोरं विचारून राह्यली."

"हाव ना. एकच राह्यला. तो बांधतो अन्..."

पुढे काहीच नाही.

मला वाटलं, रेंज गेली. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, "उकंडा! अबे उकंडा!"

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बेचाळीस वर्षांचा होता.

तेरावं व्हायच्या आधी, २७ तारखेला, मी बादलकडे गेलो. मला आज ते सांगताना बरं वाटत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर आठ पोरं होती.

इंजिन उलटं ठेवलेलं होतं. खालचं झाकण, ज्याला ते चेंबर म्हणतात, अजून लावायचं होतं. आतले बोल्ट सगळे जागेवर दिसत होते. 'एकच राह्यला' म्हणजे हे झाकणच, असं मी धरून चाललो.

बादल डोकं खाजवत म्हणाला, "गुरुजी, मी हे पुरं सोडून पयल्यापासून बांधतो. चार दिवस द्या."

"चार दिवस? सोमवारी शाळा हाय. काहून सोडतं? उकंड्यानं बांधेल हाय ना?"

"रीत हाय आमची."

"अरे, त्याले मोजणं मी शिकवेल हाय. त्याच्या हातून बोल्ट सुटत नाही."

मी वयाने मोठा. गुरुजी. बादलने मान हलवली आणि झाकण उचललं.

सोमवारी, १ जुलैला, आठही पोरं मागे बसली. गाडी छान चालली. धूर नाही, धक्का नाही. तांड्याबाहेरचा नाल्यावरचा पूल ओलांडला आणि...

टिक.

टिक. टिक. टिक. टिक.

मग थोडं थांबून...

टिक. टिक. टिक. टिक.

तांड्यावरच्या भगवानरावांचा नातू नयन माझ्या मागेच बसायचा. तोंडाचा पट्टा कायम सुरू. तो ओरडला, "गुरुजी, गाडी पाढे म्हणून राह्यली!"

सगळी पोरं हसली. मीही हसलो.

त्या आठवड्यात आवाज रोज आला. मी शिक्षक माणूस, बारकाईने बघायला लागलो. इंजिनचा आवाज वेगाबरोबर बदलायला हवा. मी रेस दिली. टिक तेवढाच. उतारावर गाडी हळू केली. टिक तेवढाच.

शनिवारी पोरांना सोडून मी थेट बादलकडे गेलो.

"टॅपेट असन," बादल म्हणाला. "नवं बांधलं की वाजते थोडं."

त्याने वरचं झाकण काढून टॅपेट बसवले. इंजिन सुरू केलं.

टिक.

मग त्याने लांब पेचकस घेतला. मिस्त्री लोक पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवतात आणि मुठीला कान लावतात. आतला आवाज असा कानात येतो, जणू कुणी जवळ बसून सांगतंय. त्याने टोक हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, टेकवलं. ऐकलं.

"इथं नाही. खालून येऊन राह्यला."

मधल्या भागावर टेकवलं.

"इथंही नाही. अजून खालून."

तो गाडीखाली सरकला. मी पण गुडघ्यावर बसलो. त्याने टोक चेंबरला लावलं, कान मुठीला टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच पडून होता.

मग म्हणाला, "गुरुजी, चाबी बंद करा."

मी इंजिन बंद केलं.

दुकानात शांतता झाली. समोर रस्ता वाहत होता. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.

बादलने पेचकस काढला नव्हता. कानही काढला नव्हता.

त्याचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

"काय झालं रे?"

त्याने पेचकसाची मूठ माझ्याकडे केली. मी त्या जमिनीवर, तेलाच्या डागांत आडवा झालो. कान लावला.

इंजिन बंद होतं. चाबी माझ्या मुठीत होती.

टिक... टिक... टिक... टिक... टिक...

थांबलं.

मी कान आणखी दाबला.

टिक... टिक... टिक... टिक.

नऊ. मग काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

सत्तरी गाठलेला माणूस मी. अडतीस वर्षांत हजार-बाराशे पोरांना मोजायला शिकवलं. कुणी तीनवर अडायचं, कुणी एकोणतीसनंतर थेट चाळीस म्हणायचं. प्रत्येक पोराचं अडणं वेगळं असतं, आणि शिकवणाऱ्याला ते विसरता येत नाही.

पाचानंतर असं थांबणारं एकच पोरगं मी शिकवलं होतं.

बादलने मला ओढून बाहेर काढलं.

"तुम्हीबी तेच ऐकलं ना?" त्याने हळूच विचारलं.

"खोल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता खोल."

तेल उतरवलं, चेंबर खाली घेतलं. आत क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर, दहा बोल्ट होते, दोन ओळींत. बादल एकेकाला पाना लावत गेला. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. असे नऊ.

दहाव्याला पाना लावावाच लागला नाही. त्याने बोट लावलं तसा तो फिरला. नुसत्या बोटाने.

"एकच राह्यला..." माझ्या तोंडून निघालं.

तो मला तेच सांगत होता. आणि मी त्याला त्या एका बोल्टापासून उठवून उन्हात बोलावलं होतं.

बादल म्हणाला, "आठ-पंधरा दिवसांत इंजिन फाटलं असतं गुरुजी. पुलावर फाटलं असतं तं..."

त्याने दहाच्या दहा बोल्ट सोडले आणि पहिल्यापासून बांधले, मोजून. शेवटी माझ्याकडे पाना दिला. मी दहाव्या बोल्टावर वाजवलं. एकदाच. आम्ही दोघंही रडलो.

तिथून निघालो तो आधी धनीबाईंच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडलो. काय झालं ते सांगितलं नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती आनंदाने सगळ्यांना सांगितली असती. गेलेला विद्यार्थी पोरांचा जीव वाचवून गेला, असं म्हणालो असतो.

चार दिवस गाडीतून आवाज आला नाही.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, १२ जुलैला, सकाळी पोरं बसली. मी चाबी फिरवली.

टिक. टिक. टिक. टिक. टिक.

थांबलं.

टिक. टिक.

मी गाडी गिअरमध्ये टाकली नाही.

"गुरुजी, काय झालं?" सलोनीने विचारलं. ती नयनची बहीण, सगळ्यांत शांत.

"काही नाही."

पुन्हा तेच. पाच. मग दोन. सात.

इंजिनमध्ये सात काय असतं? मी मनात शोधत होतो. मग आरशात बघितलं. मागे दोन बाकांवर पोरं दाटीवाटीने बसली होती.

आठ.

मी हसलो. पोरांसमोर घाबरायचं नाही, ही जुनी सवय.

"चला, आज एक खेळ. मी नाव घेईन, त्यानं खाली उतरायचं."

"शाळेले उशीर होते ना गुरुजी," नयन म्हणाला.

"तुले कधीपासून शाळेची काळजी? उतर, पयला तूच."

नयन उतरला. मी कान दिला.

सहा.

सलोनी उतरली. पाच. त्यानंतर थांबणं नाही, काही नाही. नुसते पाच.

दोन जुळ्या बहिणी होत्या, त्यातली एक उतरली. चार.

"उर्वशी, बेटा."

ती दप्तर सांभाळत उतरली. माझ्याकडे बघून हसली.

चार.

मी चुकीचं ऐकलं असेल. पुन्हा ऐकलं.

टिक. टिक. टिक. टिक.

चारच.

मी सगळ्यांना खाली उतरवलं. टिक बंद झाला. मग एकट्या नयनला बसवलं. टिक. एकट्या सलोनीला. टिक. प्रत्येकाला एकेक करून बसवलं, आणि प्रत्येकासाठी एक टिक आला.

शेवटी उर्वशीला बसवलं.

इंजिन चालू होतं. नीट, एका लयीत.

दुसरं काहीच नाही.

"दादा, मी जिंकली का?" तिने विचारलं.

मी तिला उचलून खाली घेतलं. दहा वर्षांची पोरगी, कडेवर घ्यायचं वय गेलेलं, तरी तसाच घरापर्यंत घेऊन गेलो. माझी बायको चंदाबाई दारात भांडी घासत होती. माझा चेहरा बघून ती राखेच्या हातांनीच उठली.

"छोरीले काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो. आणि हेच खरं होतं.

त्या दिवसापासून गाडी रस्त्यावर नेली नाही. पोरांसाठी भगवानरावांनी दुसरी गाडी लावून दिली. उर्वशीला मी स्वतः शाळेत नेतो आणि आणतो.

बादलने माझ्या दारातच येऊन इंजिन पुन्हा खोललं. सगळे बोल्ट जागच्या जागी, घट्ट. तो स्वतः मागच्या सीटवर बसला, तेव्हा टिक आला. चंदाबाईला बसवलं, तेव्हाही आला. तिला मी कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "म्हातारपणी गाडीचं येड लागलं तुमाले."

उर्वशीला नांदेडला नेलं. हृदयाच्या, रक्ताच्या, डोक्याच्या, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पोरगी ठणठणीत आहे. तुम्हीच जरा आराम करा."

ती खरंच ठणठणीत आहे. धावते, झाडावर चढते, माझ्याशी भांडते. सुनीलला मी काही कळवलेलं नाही. फोनवर काय सांगू? मोजणीत तुझी पोरगी येत नाही?

मी स्वतःला खूप समजावलं. नऊ मोजले, ते घट्ट होते. दहावा मोजला नाही, तो... इथे आलो की मी विचार थांबवतो. पोरांना मी कधी असं अर्ध्यावर सोडलं नाही. स्वतःला मात्र सोडतो.

आता दर रविवारी सकाळी चंदाबाई शेजारी गेली, की मी उर्वशीला म्हणतो, "चल बेटा, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी जरा सुरू करू." ती पुस्तक घेऊन मागे बसते. मी चाबी फिरवतो. मग बादलकडून आणलेला लांब पेचकस घेऊन गाडीखाली जातो. टोक चेंबरला टेकवतो. मुठीला कान लावतो.

ज्या आवाजाला भिऊन मी इंजिन खोलायला लावलं होतं, त्याचीच वाट बघतो. मनात म्हणतो, उकंडा, बाबा, घाई करू नको. एकच राह्यला आहे. एकदा वाजव.

"दादा, झालं का?" वरून तिचा आवाज येतो.

"थांब बेटा. थोडंसं."

परवा बादल आला, तेव्हा उर्वशी मागे बसलेली होती. त्यानेही खाली येऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं. बाहेर निघाल्यावर माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "गुरुजी, इतकं शांत इंजिन मी आजवर बांधलं नाही."